जाजमाआडची उत्तरं

कट्! अडकित्ता वाजला आणि माजघरातली शांतता मोडली.

माजघराच्या दाराला दोरी बांधून जाजम टांगलं होतं. अलीकडं बायका आणि पलीकडं ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला डॉक्टर. त्यानं प्रश्न विचारला होता, आणि जिला विचारला ती वत्सलाबाई पदराचं टोक दातात धरून पायाच्या अंगठ्यानं सारवलेली भुई उकरत होती. कोपऱ्यात केसर पाटलिणीच्या सासूनं, चंद्रभागाबाईंनी, सुपारी कातरली तेव्हा कुठं बायकांचं दाबून धरलेलं हसू फुटलं.

"पाटलीनबाई, फिर पूछिए," जाजमापलीकडून आवाज आला. "परत विचारा. नवऱ्याचं नाव काय?"

केसरनं मांडीवरचं बाळ या बाजूचं त्या बाजूला घेतलं. दूध पिता पिता झोपायचं आणि ठेवलं की रडायचं, हा त्याचा सकाळपासूनचा धंदा होता. "विचारलं, डाक्टरसाहेब. तिनं ऐकलं, सासूबाईंनी ऐकलं, गोठ्यातल्या म्हशीनं बी ऐकलं. ती सांगणार न्हाई."

"मालूम नाही तिला?"

"आता मालूम नसायला काय झालं? सकाळीच त्याच्याशी भांडून आलीया. पन आमच्यात बाई धन्याचं नाव घेत न्हाई."

"वो मैं जानता हूं. माझ्या अम्मानंही कधी घेतलं नाही." पलीकडं टाक कागदावर करकरला. डॉक्टरला लिहिता लिहिता मोठ्यानं बोलायची सवय होती. "उत्तर नाही."

"अहो, ठावं हाय तर मग विचारताच कशाला?"

"कागदावर छापलेलं आहे म्हणून," डॉक्टर शांतपणे म्हणाला.

केसरनं कपाळाला हात लावला. बाळ रडायला लागलं.

डॉक्टर जगमोहन परशाद हैदराबादचा. विलायतेत जाऊन मनाच्या दुखण्यांचं शास्त्र शिकून आलेला. मानमोडीच्या तापाची साथ येऊन गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. ज्यांना जायचं ते गेले, पण राहिलेल्यांतही काहीजण पुरते राहिले नव्हते. कुणी रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून बसायचं, कुणाला चुलीपुढं बसल्या बसल्या भाकरी कशी थापायची तेच आठवायचं नाही. ही गत कशानं झाली, ते शोधून काढायला निजामसरकारनं डॉक्टरला या बाजूला धाडलं होतं. दिंद्रुडच्या शिवेला लागून असलेल्या या गावात त्याचा मुक्काम पडला, तो पाटलाच्याच घरी. पाटलाच्या घरच्या बायका परपुरुषापुढं यायच्या नाहीत, म्हणून जाजम. आणि डॉक्टरला मराठी कामापुरतंच यायचं; केसरचे वडील गेवराईला मास्तर, तिथला शेजार सगळा दखनी उर्दू बोलणारा, म्हणून मधला दुवा केसर.

माणूस वाईट नव्हता. पोरांना साखरेच्या गोळ्या द्यायचा, कुणावर आवाज चढवायचा नाही. पण त्याच्या हातातल्या त्या छापील कागदानं केसरला वीट आणला होता. प्रश्नाचा शब्द इकडचा तिकडं करायचा नाही. मदत करायची नाही. उत्तर आलं नाही तर 'उत्तर नाही'. अशी बरीच उत्तरं 'नाही' झाली की ती बाई आजारी.

पहिल्या दिवशी तर त्यानं केसरवरच प्रश्न आजमावून पाहिले होते.

"नवऱ्याचं नाव?"

"ते तुमच्या शेजारीच बसल्यात की. त्यास्नीच विचारा."

ओसरीवर तिचा नवरा, भगवानराव पाटील, खो खो हसला होता. डॉक्टर हसला नाही. टाक करकरला. "उत्तर नाही."

"म्हंजी मी बी येडी?"

"वेडी असं कोण म्हणतं? एका प्रश्नाला उत्तर नाही, एवढंच."

आता वत्सलाबाईची दया येऊन केसर वाकली आणि तिच्या कानाशी कुजबुजली, "उखाण्यात घे की बाई. तेवढं चालतंय." वत्सलाबाईचा चेहरा उजळला. तिनं पदर सावरला, घसा साफ केला आणि लग्नातल्यासारखं ठणठणीत म्हणाली,

"दिंद्रुडच्या बाजारात जोंधळ्याची रास,
धुळाजीरावांच्या ताटात पहिला माझा घास!"

"वा गं वा!" बायका ओरडल्या. सासूबाईंनी सुद्धा सुपारी चघळता चघळता मान डोलावली.

पलीकडं कागद उलटला. मग टाक. "नाव विचारलं असता बाजार आणि धान्य यांविषयी असंबद्ध बोलणं."

"अहो त्यातच नाव हाय!" केसर जवळजवळ उठलीच. "धुळाजीराव! ऐकलं न्हाई का?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून ऐकलं. तिनं सरळ सांगितलं नाही. पाटलीनबाई, आज एकीला उखाणा चालवला, उद्या दुसरीला खुणेनं चालवला, तर मग बीडची बाई आणि बिदरची बाई एका तराजूत कशा तोलू? वजन सगळीकडं एकच पाहिजे."

हे म्हणणं केसरला अगदीच वेडगळ वाटलं नाही, आणि म्हणूनच तिचा संताप जास्त झाला. वजन एक असेल, पण या माणसानं दुधाला फूटपट्टी लावली होती.

"ह्या मेल्याला लगीन जुळवायचंय का?" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या धन्यांची नावं कशाला पायजेत?"

त्या दिवशी सगळ्या प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली ती एकट्या छबुबाईनं. तिला कुणी बोलावलंही नव्हतं. बारवेच्या पायऱ्यांवर बसून दिवसभर हाका मारणारी ही बाई. साथीत तिचं सगळं घर रिकामं झालं होतं. ती आपणहून आली, जाजमाला नाक लावून बसली, आणि नवऱ्याचं नाव विचारताच ओरडली, "आश्रुबा! आरं ए आश्रुबा! ये की घरला, भाकर निवली!"

"शाबास," डॉक्टर म्हणाला. "मुलं किती?"

"चार."

"दुरुस्त. बरोबर."

"डाक्टरसाहेब," केसर हळू म्हणाली, "ती चारी गेली. तिचा धनी बी गेला. ती त्याला रोज जेवायला हाका मारती."

"प्रश्नात जिवंत किती असं छापलेलं नाही."

छबुबाई गावातली सगळ्यांत शहाणी बाई ठरून, पोरांसाठी चार साखरेच्या गोळ्या मागून, पदरात बांधून निघून गेली. त्यावर हसावं की रडावं हे कुणालाच कळेना. बायका आपापल्या घरी गेल्या आणि माजघरात खांबाला टेकून बसलेली अंजना तेवढी उरली. ती सकाळपासून तिथंच होती. ती कुठंही असली तरी नसल्यासारखीच असायची.

अंजना केसरची धाकटी जाऊ. बिभीषणची, म्हणजे केसरच्या दिराची, बायको. साथीत ती स्वतः तापातून उठली, पण तिचं अंगावरचं पोर गेलं. शुद्धीवर आली तेव्हा पाळणा उतरवून ठेवलेला होता. ती रडली नाही. फक्त बोलणं कमी कमी होत गेलं, आड आटत जावा तसं, आणि गेल्या दिवाळीपासून तर शब्द म्हणून नव्हता. भरवलं तर खायची, उठवलं तर उठायची. एकेकाळी दोघी जावा जात्यावर बसल्या की घर दणाणायचं. सासूची नक्कल, पाटलाची नक्कल, एकमेकींच्या नकला. अंजनाचा वाक्य संपताना हेल काढणारा बारीक आवाज केसर असा हुबेहूब काढायची की बिभीषण एकदा गोठ्यातून "काय गं?" म्हणत आला होता. आता अंजनाजवळ बसून बडबड करायची ती एकटी केसरची लेक भिवरा. चिंचोके मांडायची, काकूच्या वाटचे आपणच टाकायची, आणि हरली की काकूवर रुसायची.

दुपारी भगवानराव जेवायला बसला. केसर वाढत होती.

"अंजनाला हैदराबादला धाडायचं ठरलंय," भाकरी मोडत तो म्हणाला.

केसरचा हात आमटीच्या पळीवरच थांबला. "कुणी ठरवलं?"

"डाक्टरसाहेबांनी विचारलं, मी व्हय म्हटलं. सही केली. घरचा कर्ता मीच हाय की आता."

"आन तिला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? बोलती का ती?"

"भाऊजींना?"

"बिभीषण काय, मी म्हणीन त्याला व्हय म्हणतोय आन रडतोय." त्यानं आमटी ओरपली. "आगं, सरकारी दवाखाना हाय. मोठमोठे डाक्टर. आणि आबा गेल्यावर पाटीलकी नवीन हाय माझी. तहसीलदारानं बजावलंय, साहेबाला काय कमी पडू देऊ नका म्हणून."

"साहेबाला दूध द्या, तूप द्या. घरातली बाई द्या असं म्हटलंतं का तहसीलदारानं?"

"केसर, जीभ लई चालाय लागली."

"आवं, एका बाईची बंद पडली म्हणून तिला गाडीत घालताय, माझी चालती तर ती बी टोचती. एकदा ठरवा तरी, बायकांनी बोलायचं का न्हाई!"

भगवानराव हात धुवायला उठला. ताटात अर्धी भाकरी तशीच राहिली.

केसरनं बाळाला पाळण्यात टाकलं, भिवराला झोका द्यायला बसवलं आणि जाजमापाशी गेली. डॉक्टर कागद लावत होता.

"डाक्टरसाहेब, आमच्या अंजनाला नेणार म्हणं."

"अजून नाही. उद्या तिचे जबाब घेणार. जबाब चांगले आले तर मी कुणाला उगीच नेत नाही. पाटीलसाहेबांची सही आहे, पण तीही फाडून टाकीन."

"आन न्हाई आले तर?"

"तर माझ्याबरोबर. गाडीनं परभणीपर्यंत, तिथून रेलनं."

"तिथं औषध देणार न्हवं?"

डॉक्टर खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. "लगेच नाही. आधी दुखणं काय आहे ते समजलं पाहिजे. रोज प्रश्न विचारायचे, रोज लिहायचं. शिकाऊ डॉक्टर येऊन बघतील. औषध दिलं तर दुखणं बदलेल, मग अभ्यास कशाचा करणार?"

केसरला आपण दखनी चुकीची समजलो की काय असं वाटलं. "म्हंजी तुमी तिला बरं व्हायला न्हाई नेत. तशीच ऱ्हायला नेताय."

"पाटलीनबाई, आज एक तशी राहील, उद्या शंभर बऱ्या होतील."

"त्या शंभरांनी तिला विचारलं का? तुमी तरी विचारलं?"

"ज्याचं मन दुखतं त्याला काय विचारणार? त्याच्या व्हय-नाहीला अर्थ नसतो."

"पन तिचं मन दुखतं का न्हाई हे तर तुमी अजून ठरवायचंय! उद्या ठरवणार, आन सही आजच घेतली?"

डॉक्टरनं कागद बाजूला ठेवले. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाला, "माझी अम्मा अशीच बसायची. खिडकीपाशी. हकीम झाले, पीर झाले, कुणाला काही समजलं नाही. म्हणून मी हे शिकलो."

केसरचा राग एकदम खाली बसला. या माणसाला जाजम बाजूला सारून पाणी द्यावं, आणि सगळं नीट सांगावं, असं तिला क्षणभर वाटलं. अंजना भिवराच्या हातून पाणी पिते आणि दुसऱ्या कुणाच्या नाही. पाळण्याची करकर ऐकली की खांबामागं सरकते. हे सगळं त्याला ठाऊक व्हायला हवं होतं.

"डाक्टरसाहेब, मी तिच्याबद्दल सांगू का? मी रोज बघती—"

"तुमचं नको," डॉक्टर चटकन म्हणाला. "घरच्यांचं सांगणं शास्त्रात धरत नाहीत. घरचे माया लावून सांगतात. उद्या मला फक्त तिचा आवाज ऐकू येऊ द्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

झालं. खाली बसलेला राग पुन्हा उठून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरनं अंजनाला न्हाऊ घातलं, वेणी घातली, कुंकू लावलं. हात चालत होते तसं तोंडही चालत होतं. "हे बघ अंजने, आज दोनच शब्द बोल. फार न्हाई. वार सांग, महिना सांग. धन्याचं नाव घ्यायला लाज वाटली तर मी काय तरी करीन, पन तोंड उघड माय. न्हाईतर नेतील गं तुला. तिथं तुझ्या डोक्याला तेल कोण लावंल?" अंजना समोरच्या कणगीकडं बघत होती. केसरनं तिच्या हनुवटीला धरून चेहरा आपल्याकडं वळवला. डोळे वळले नाहीत.

"बाई, असली कसली गं तू!" म्हणून केसरनं तिला हलवलं, आणि मग आपलंच आपल्याला वाईट वाटून तिचं डोकं पोटाशी धरलं.

जबाबाच्या वेळी माजघरात अंजना आणि केसरखेरीज कुणी नको, असं डॉक्टरानं सांगून ठेवलं होतं. सासूबाई सोप्यात हरभरा निवडत बसल्या. भिवराला बाहेर घालवलं तर ती भोकाड पसरणार, म्हणून ती राहिली, काकूच्या पायाशी चिंचोके घेऊन. बाळ, नशिबानं, झोपलं होतं.

"आज वार कोणता?" जाजमापलीकडून आवाज आला.

अंजना गप्प. केसरनं तिचा हात दाबला, पाठीवरून हात फिरवला. सोप्यातून हरभरे सुपात पडल्याचा आवाज येत होता.

"आज वार कोणता?" डॉक्टरानं पुन्हा विचारलं, त्याच शब्दांत, त्याच स्वरात. मग टाक दौतीत बुडल्याचं ऐकू आलं. आता तो कागदावर टेकणार.

"मंगळवार," अंजनाच्या बारीक, हेल काढणाऱ्या आवाजात केसर म्हणाली.

भिवरानं वर बघितलं. केसरनं ओठांवर बोट ठेवलं.

"महिना?"

"पूस."

"हे गाव कुणाच्या राज्यात आहे?"

"निजामसरकारच्या."

सोप्यातला सुपाचा आवाज थांबला होता. केसरच्या ते ध्यानात आलं, पण आता मागं फिरता येत नव्हतं. एकदा आवाज लागला तो लागला, जात्यावर ओवी लागते तसा. तिला मनातून जरा हसूही आलं. एवढं विलायतेचं शास्त्र, आणि त्याला एका जाजमाआडचं दिसेना!

"मुलं किती?"

हसू तिथंच मेलं. केसरनं अंजनाकडं बघितलं. काय म्हणावं? एकही नाही म्हणावं? एक म्हणावं? "एक..." ती म्हणाली, आणि अंजनाचा आवाज मुद्दाम काढायची गरजच उरली नाही, तो आपोआप बारीक झाला. "एक व्हतं."

अंजनाचे डोळे वळले. इतके दिवस कणगीवर, भिंतीवर, कशावरच नसलेले ते डोळे सरळ केसरच्या तोंडावर येऊन थांबले.

"नवऱ्याचं नाव?"

केसरला दिराचं नाव घ्यायला काही अडत नव्हतं. धाकटा दीर तो, त्याचं नाव वहिनीला वर्ज्य नसतं. "बिभी—" तिनं तोंड उघडलं, आणि त्या तोंडावर एक हात आला.

अंजनाचा हात होता. थंडगार, पण घट्ट. तिनं केसरच्या ओठांवर तळवा दाबून धरला होता आणि मान अगदी थोडी, आडवी हलवत होती. नको, घेऊ नको. चार माणसांत धन्याचं नाव आपल्या आवाजात ऐकून शहारलेली, लाजलेली, चांगली जिवंत बाई केसरच्या पुढ्यात होती. तिचे ओठ विलग झाले होते.

"नवऱ्याचं नाव?" दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विचारायचं नाही, असं कागदावर छापलेलं होतं. टाक टेकला.

केसरनं तो हात धरला, तोंडावरून बाजूला केला आणि म्हणाली, "बिभीषण."

"दुरुस्त," डॉक्टर म्हणाला.

"आगं बया! अंजना बोलली!" सोप्यात सूप आदळलं. हरभरे दाणदाण पसरले आणि त्यांच्यावरून घसरत, भिंतीला धरत चंद्रभागाबाई माजघरात आल्या. सुनेनं धन्याचं नाव घेतलं म्हणून या घर डोक्यावर घेतील, अशी केसरला भीती होती. पण म्हातारीनं अंजनाच्या गालांवरून दोन्ही हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि घळाघळा रडायला लागली. "घे माझे बाई, धन्याचं घे, माझं घे, आख्ख्या गावाची नावं घे! बोल फक्त! आरं, कुणी तरी बिभीषणाला हाक मारा रं!"

केसरनं तोंड उघडलं. जाजमापलीकडं डॉक्टर अजून बसलेला होता. तिनं तोंड मिटलं.

अंजनाचे डोळे कणगीवर परत गेले होते.

बिभीषण शेतातून पळत आला. ज्वारी राखायला माचावर होता, गोफण तशीच मनगटाला गुंडाळलेली. दारातच थांबला. आत यावं की न यावं कळेना, एवढा दांडगा गडी, पण नवरदेवासारखा चुळबुळत उभा. "वहिनी, खरंच? माझं नाव घेतलं? मला ऐकायचंय एकदा. तिला म्हणा की." केसर म्हणाली, "आज दमलीया ती, भाऊजी." आणि चुलीकडं वळली. धूर नव्हता तरी डोळे चोळत बसली.

भगवानरावानं ओसरीवरून लग्नाची सुपारी फुटल्याच्या थाटात सांगितलं, "मी म्हटलंतं की, घरच्या घरी बरी होती का न्हाई बघू म्हणून!" असं तो कधीच म्हणाला नव्हता. पण आता सगळेच आनंदात होते, आणि आनंदातल्या माणसाला कोण खोडून काढणार?

उन्हं कलायच्या आत डॉक्टरची गाडी जुंपली गेली. जायच्या आधी तो जाजमापाशी आला.

"पाटलीनबाई, तुमची जाऊ बरी आहे. जरा मंद बोलते, एवढंच. मी सहीचा कागद फाडला. तिला औषधपाण्याची काही गरज नाही, असं मी पाटीलसाहेबांना सांगितलंय."

"गरज न्हाई?" केसरच्या तोंडून निघालं.

"जबाब सगळे दुरुस्त आले." तो गाडीकडं वळता वळता म्हणाला, "तुमचे उपकार आहेत. तुमच्यासारखी सच्ची बाई मध्ये नसती, तर या गावातून मला एकही खरा जबाब मिळाला नसता."

केसरला वाटलं, जाजम ओरबाडून खाली ओढावं आणि या भल्या माणसाला गदागदा हलवावं. अरे, बघ की एकदा आत! ज्यासाठी एवढं गाव पालथं घातलंस ते आज सकाळी इथं घडलं. अंजना वळली. तिनं हात उचलला. तिला लाज वाटली, तिचे ओठ हलले. पण हे सांगायचं तर आधी मी खोटं बोलले ते सांगायला हवं; ते सांगितलं तर ही गाडीत बसणार; आणि नाही सांगितलं तर ही बरी आहे असं कागद म्हणणार, घर म्हणणार, आणि बऱ्या माणसाला कुठला वैद्य विचारतो? उद्या सासूबाई तिच्या तोंडापुढं कान नेऊन बसतील. बिभीषण वाट बघेल. आणि ती गप्प राहिली की 'काल तर बोललीस' म्हणून सगळे तिलाच रागावतील. हे असं सगळीकडून लागणारं कोडं कुणी घातलं? डॉक्टरानं घातलं की आपण?

"सांभाळून जावा," एवढंच ती म्हणाली.

गाडीच्या चाकांचा आवाज वेशीकडं लांब लांब जात राहिला. अजून हाक मारली असती तर पोचली असती. मग नसती पोचली.

केसरनं जाजमाची दोरी सोडली, घडी घातली आणि अंजनापाशी येऊन बसली. सकाळी बाजूला केलेला तो हात तिनं आपल्या हातात घेतला. तो आता नुसता हात होता, कुठंही ठेवला तर तिथं राहणारा. बाळाला जाग आली होती, पण नवल म्हणजे रडत नव्हतं. पाळण्यात मुठी चोखत होतं. भिवरा मघापासून गप्प होती. तिनं काकूच्या वाटचे चिंचोके गोळा करून काकूच्या ओच्यात टाकले, आईकडं टक लावून बघितलं आणि विचारलं,

"आई, काकू बोलणारच व्हती की. तू मदीच कशाला बोललीस?"